फोटो उजळणारं राहू द्या, नावं टिकवणारं सॉफ्टवेअर सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नवशिक्यांसाठी फोटोच्या अ‍ॅप्सची यादी आली होती. चेहरा कोणतं अ‍ॅप उजळतं, मागची गर्दी कोणतं पुसतं, आभाळ कोणतं निळं करतं, सगळा भर त्यावरच. साठलेल्या हजारो फोटोंतून हवा तो सापडायचा कसा आणि त्यातली माणसं कोण हे नातवंडांना कळायचं कसं, यावर एक ओळ नाही. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. पुस्तकाला कव्हर घालण्याआधी ते दाखल नोंदवहीत चढवायचं, ही सवय हाडीमाशी खिळलेली. त्यामुळे राहवलं नाही.

आम्ही चिपळूणकर. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्यात तळमजल्यावरच्या कपाटांतले अल्बम गेले. २००५ च्या पुरातून वाचलेलेही काहींचे या वेळी गेले. मग मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडून फोटो मागवणं सुरू झालं, आणि ते आले व्हॉट्सअ‍ॅपवरून. म्हणजे आकार घटलेला, फोटोच्या पोटात असलेली तारीख-वेळ गळून पडलेली, आणि फाइलच्या नावात तारीख आहे ती फोटो पाठवल्याची. काकूंचं १९७४ सालचं लग्न आणि नातीचा बारशाचा फोटो मोबाइलमध्ये शेजारी शेजारी! (पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' एवढं सांगितलं तरी फाइल जशीच्या तशी येते. अजून कुणी ऐकत नाही, हा भाग वेगळा.) आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात गुरुवारी दुपारी आम्ही काही जणी हे फोटो नीट लावायला बसतो.

तिथे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा पिकासाची, म्हणजे संगणकावर फोटो लावून ठेवायच्या गुगलच्या सॉफ्टवेअरची, आठवण काढतो. खरंच सोपं होतं ते. पण गुगलने २०१६ च्या मार्चमध्ये ते थांबवलं. मायक्रोसॉफ्टची फोटो गॅलरीही २०१७ मध्ये गेली. आता यातली मेख बघा. पिकासात फोटोखाली लिहिलेली ओळ जेपीजी फाइलच्या, म्हणजे फोटोच्याच फाइलच्या, आत जायची, म्हणून ती आजही दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वाचता येते. चेहऱ्यांना दिलेली नावं मात्र मुद्दाम सेटिंग बदललं नसेल, तर फोल्डरमधल्या एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये राहायची. फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि ती फाइल मागे राहिली, की मेहनतीने लिहिलेली नावंही मागेच राहिली.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी रंगरूप पाहत नाही. एकच फोटो घेते. त्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर देवनागरीत नाव लिहिते, 'दुर्गामावशी, गुहागर'. स्कॅनरने फाइलवर टाकलेली आजची तारीख बदलून खरी, निदान खरं साल, घालते. मग फोटो पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेऊन भलत्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधलं 'डिटेल्स' पाहिलं तरी चालतं. नाव आणि तारीख दिसली, तर गाडी पुढे. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर ते सॉफ्टवेअर कितीही गाजलेलं असो, आमच्या कामाचं नाही. फोटोच्या आत माहिती ठेवण्याच्या जुन्या पद्धतीत मराठी अक्षरांचा असा घोळ होतो. एक्सएमपी ही पुढची पद्धत युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांना चालणारी अक्षरपद्धत, वापरते, तिथे मावशी शाबूत राहते.

या कसोटीला आमच्याकडे डिजिकॅम हे सॉफ्टवेअर उतरलं. जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात, पूर्ण फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. दिसायला ते नवशिक्याला घाबरवणारं आहे, हे कबूल. चहूबाजूंनी बटणं, आणि पहिल्यांदा उघडलं की फोटो कुठे आहेत, माहिती कुठे ठेवू, असे प्रश्न. पण त्यातली तीनच कामं शिकवायची: नावाचा टॅग (चिठ्ठी) लावणं, खाली ओळ लिहिणं, तारीख बदलणं. बाकी बटणांकडे बघायचंच नाही. सेटिंगमधल्या 'मेटाडेटा' (फोटोबद्दलची माहिती) पानावर टॅग, ओळ, तारीख फाइलमध्ये लिहिण्याच्या चौकोनांवर खूण आहे ना, एवढं आधी तपासायचं. ते चेहरेही ओळखतं, आणि त्यासाठी लागणारी फाइल एकदा उतरवून घेतली, की हे काम आपल्याच संगणकावर होतं, फोटो बाहेर कुठे जात नाहीत. जुन्या पुसट कृष्णधवल फोटोंत मात्र त्याची गफलत होते. तिथे चष्मा लावून बसलेली एखादी आजीच लागते.

गुगल फोटोज सोपं आहे आणि शोधायला तर फारच छान. पण १ जून २०२१ पासून त्यातली अमर्याद फुकट जागा संपली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. आणि तिथे आपण सुधारलेली तारीख किंवा लिहिलेली ओळ मूळ फाइलमध्ये जात नाही. सगळे फोटो एकगठ्ठा उतरवून घेतले, तर ती माहिती वेगळ्या फाइलींमध्ये येते. जास्तीची प्रत म्हणून ते असावं. घरची नोंदवही म्हणून नको.

डागडुजीचं म्हणाल, तर आमच्या लोकांना फोटो सरळ करणं, कडा कापणं, डाग पुसणं यापलीकडे फारसं काही लागत नाही. मोबाइलवर स्नॅपसीड आणि विंडोजवर घरगुती वापराला फुकट असलेलं फास्टस्टोन यांत ते भागतं. गिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट आणि ताकदीचं आहे, पण पहिल्याच दिवशी ते समोर ठेवलं तर माणूस पुढच्या गुरुवारी येत नाही. अडोबीचं लाइटरूम हे फोटोंचं सॉफ्टवेअर उत्तमच, पण एकदा पैसे भरून कायमचं घ्यायची त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची, नंतर सगळं वर्गणीवर. पेन्शनीतून फोटोंचं भाडं कोण भरणार? काहीही वापरा, मूळ फाइलवर 'सेव्ह' करू नका. दुरुस्त प्रत वेगळ्या नावाने ठेवा. जेपीजी फोटो सुधारून पुन्हापुन्हा सेव्ह केला, की दर वेळी थोडा बारकावा जातो.

एआयने जुने फोटो 'जिवंत' करणाऱ्या अ‍ॅप्सचा तुमच्या यादीत फार गौरव होता. माझं मत वेगळं आहे. ती अ‍ॅप्स पुसट डोळे साफ करत नाहीत, नवे काढून बसवतात. आमच्या एका सदस्याने आईचा फोटो असा करून आणला. बाई देखणी दिसत होती, पण त्यांच्या थोरल्या बहिणीने "ही कोण?" म्हणून विचारलं. लुगड्याचा रंगही त्या अ‍ॅपनेच ठरवलेला. हौस म्हणून करा, पण त्या प्रतीवर तसं लिहून ठेवा.

पुढची यादी छापाल, तेव्हा गुण म्हणून दिलेल्या ताऱ्यांच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने घाला, ही विनंती: लिहिलेली माहिती फोटोबरोबर बाहेर येते का, मराठी नावं नीट राहतात का, आणि इंटरनेटशिवाय चालतं का. जिथे 'मोफत' लिहाल, तिथे किती फोटोंपर्यंत आणि किती दिवस मोफत, तेही छापा.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, चिपळूण