बाबा, कचरा आला!

पुणे,
रविवार

प्रिय बंड्या,

तुझ्या पत्राला महिना झाला. उत्तराला उशीर झाला, हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण आधी हे वाच.

आई गेल्यावर तू फोनवर विचारलंस, "तू कसा आहेस?" मी "बरा आहे" म्हणालो. थाप होती. शेवटचं दीड वर्ष ती अंथरुणाला खिळलेली. आमच्या इमारतीत तीस बिऱ्हाडं, पण खाली कुणी भेटलं की बोलणं पाण्याच्या टँकरचं, नाहीतर पार्किंगचं. आईचं कुणी विचारत नसे. त्यात दुष्टपणा नव्हता रे. दुखणं लांबलं की लोक विचारायचे थांबतात. मीही असाच वागलोय की, तुझ्या वडिलांच्या वेळी.

एके सकाळी नेहमीसारख्या ओल्या-सुक्याच्या बादल्या दाराबाहेर ठेवल्या, तर कचरा न्यायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, आजींना बरं नाही का जास्त? लाल ठिपक्याच्या पुड्या वाढल्यात. आणि पेज तशीच टाकलेली दिसतीय दोन दिवस."

इकडे डायपर, पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा असतो, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला ते हाताने उघडून बघावं लागत नाही. त्या पुड्या मावशींनी मोजल्या होत्या! मी उंबऱ्यात उभ्या उभ्या बोलतच सुटलो. डॉक्टर काय म्हणाले, रात्री ती कशी कण्हते, सगळं. अजून पन्नास दारं घ्यायची होती त्यांना, तरी ढकलगाडी खाली सोडून त्या थांबल्या. सल्ला एकही दिला नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही पण जेवा."

दार लावल्यावर लाज वाटली. या बाईला आमच्या घरातली पेजसुद्धा ठाऊक, आणि सहा वर्षं तिच्या गळ्यात लटकणारं कार्ड मी एकदाही वाचलं नव्हतं. त्या कार्डाची गोष्ट तुला माहीत नसेल. पूर्वी पाठीवर पोतं घेऊन उकिरड्यावर कागद-काच वेचणाऱ्या या बायांना चोर समजून हटकायचे. १९९३ साली कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव आणि इतर कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली आणि भांडून त्यांना ओळखपत्रं मिळाली. २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था झाली, महापालिकेशी करार झाला, आणि त्या घरोघर येऊ लागल्या. एवढ्या खटपटीने मिळवलेलं कार्ड, आणि आमची चिमी रोज ओरडायची, "बाबा, कचरा आला!" मीच कधी टोकलं नाही तिला. अगं, कचरा तर आपल्या घरातून जातो!

आणखी एक आहे, तेही सांगून टाकतो. गेल्या पावसाळ्यात फुटलेला पेला मी तसाच सुक्या कचऱ्यात टाकला होता. दुसऱ्या दिवशी मावशींच्या बोटाला चिंधी. विचारलं, तर म्हणाल्या, "लागली कुणाच्या तरी घरची काच." कुणाच्या घरची, ते त्यांना पक्कं माहीत होतं, बंड्या.

आता काच वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी देतो. चिमी त्यांना नावाने मावशी म्हणते. त्यांनी लिफ्ट वापरावी म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला, तर "वास येतो" म्हणाले. वास कुणाच्या कचऱ्याचा, असं विचारल्यावर सेक्रेटरींना एकदम महत्त्वाचा फोन आला. पुढच्या महिन्यात पुन्हा काढणार आहे.

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशींनी हाक मारली नाही. दार उघडलं तर त्या पायरीवर बसलेल्या. बादलीत एकही पुडी नव्हती. त्यांनी ती गुपचूप रिकामी केली, उलटी करून झटकली आणि आत आणून ठेवली. एरवी त्या उंबरा कधी ओलांडत नाहीत.

दिवाळीला येतोयस ना? सकाळी सातला दार तू उघडायचंस. आणि तुझ्या रात्रीच्या बाटल्या वेगळ्या पिशवीत ठेव, त्यांना सगळं कळतं.

तुझा,
पम्या