स्ट्रासबर्गहून आप्पांना

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे नेमके काय वाचतो, असे तुम्ही विचारले होते. फोनवर ते नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

हे शहरही आपल्या बेळगावासारखे सीमेवरचे. १८७१ साली ते फ्रान्सकडून जर्मनीकडे गेले, पहिल्या महायुद्धानंतर परतले, १९४० मध्ये पुन्हा गेले आणि १९४४ मध्ये सुटले. मी वाचतो तो तत्त्वज्ञ, लिथुआनियाचा इमान्युएल लेव्हिनास, १९२३ साली इथेच शिकायला आला. पुढे तो जर्मनांच्या कैदेत होता आणि तिकडे लिथुआनियात त्याचे आईवडील व भाऊ मारले गेले. समोरच्या माणसाला आपल्या कल्पनेच्या चौकटीत पुरता बसवू पाहणे हीच हिंसा आहे आणि त्याला समजून घेण्याआधीच त्याची जबाबदारी आपल्यावर येते, असे तो मानतो.

हे मला प्रथम खटकले, कारण ‘जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत’ ही ज्ञानोबांची ओवी मी तुमच्याच तोंडून ऐकत वाढलो. तिथे दुसरेपण विरघळते, इथे ते राखायचे असते, असे वाटले. पण ओवी भेटेल त्याला भगवंत मानायला सांगते, आपल्यासारखा मानायला नव्हे; आणि भगवंत काही आपल्या मुठीत मावत नाही. ‘सारे एकच’ म्हणत दुसऱ्याची भाषा पुसणे सोपे असते. त्याला या ओवीचा आधार घेता येणार नाही, असे मला आता ठामपणे वाटते.

सीमाप्रश्नावर तुमचे आणि शेजारच्या कन्नड मास्तरांचे कधीच जमले नाही. १ नोव्हेंबरला तुम्ही काळा दिन पाळायचात, ते राज्योत्सवाला जायचे. तरी आईला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेण्यासाठी रिक्षा घेऊन धावले ते मास्तरच. आणि त्यानंतरही ना त्यांनी मत बदलले, ना तुम्ही. लहानपणी मला ही विसंगती वाटायची. आज वाटते, एकमेकांचा मान राखणे ते हेच.

मास्तर बसवण्णांचे वचन म्हणायचे : ‘हा कोणाचा’ असे म्हणवू नकोस, ‘इव नम्मव’, हा आमचा, असे म्हणव. त्यातला ‘आमचा’ म्हणजे आमच्यातला, की आमच्यावर ज्याचा भार आहे तो? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. कन्नडमध्ये काय, ते कृपया मास्तरांना विचारून कळवा, आणि पूर्ण वचन त्यांच्याच हस्ताक्षरात मागून घ्या.

आपला आज्ञाधारक,
बाळू