गरोदरपणी कोलेस्टेरॉलपेक्षा दोन तासांची साखर महत्त्वाची

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तिसरा महिना लागला की हल्ली तालुक्याच्या लॅबचा लिपिडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, कागद घरात येतो. कोलेस्टेरॉलपुढे ठळक 'हाय' छापलेलं असतं, आणि सासू दुसऱ्याच दिवशी तूप-शेंगदाणे बंद करते. कागदावरची मर्यादा मात्र गरोदर नसलेल्यांची असते. गरोदरपणात ही चरबी वाढणारच. शेवटच्या तिमाहीपर्यंत कोलेस्टेरॉल पाव ते निम्म्याने चढतं, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी दुप्पट-तिप्पट होते.

तरी तो कागद अगदीच रद्दी नाही. सुरुवातीलाच ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, कमी असलेल्या बायांमध्ये पुढे गरोदरपणातला मधुमेह जास्त दिसतो. कारण साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचा असर आधीच मंदावलेला असतो, आणि वारेतून येणारी संप्रेरकं तो आणखी कमी करतात. नुसत्या एकूण कोलेस्टेरॉलवरून मात्र फारसं काही ठरत नाही. निदान साखरेच्या तपासणीनेच होतं, आणि चुका तिथेच होतात.

तपासणी अशी: 75 ग्रॅम ग्लुकोज, 300 मिली पाणी, पाच-दहा मिनिटांत पिऊन संपवायचं. उपाशी असण्याची गरज नाही. दोन तासांनी रक्तातली साखर 140 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा, मग 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. पहिली तपासणी बरी आली म्हणून दुसरी सोडू नये, चरबी वाढलेली असेल तर मुळीच नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी.

दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांच्या तपासणी शिबिरात गर्दी असते. एसटी सुटेल म्हणून दीड तासातच बोट टोचलं जातं, नाहीतर बाई मधल्या वेळात बाजार फिरून येते आणि आकडा खाली येतो. तिला सावलीत बसवून ठेवावं, पेल्यावर वेळ लिहावी. ग्लुकोज कालवलेल्या हातानेच बोट पुढे केलं तर साखर खोटी वाढते. आधी साबणाने हात धुवून कोरडे करावेत. साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली किंवा आपल्या मे महिन्याच्या उन्हात गाडीत पडून राहिली, की त्या पट्ट्यांचा भरवसा नाही.

आकडा वाढला तर तूप सोडण्याआधी भाताचा ढीग, साखरेचा चहा आणि बिस्किटं कमी करावीत. ज्वारीची भाकर, घट्ट वरण, पालेभाजी, थोडी जवसाची चटणी चालते. थोडं थोडं, पण वेळेवर खावं. दोन आठवड्यांनी जेवणानंतरची दोन तासांची साखर 120 च्या आत नसेल तर औषध किंवा इन्सुलिन लागतं, त्यात उशीर नको.

बाळंतपणानंतर बाई माहेरी असते, म्हणून सहाव्या आठवड्याची तपासणी हमखास बुडते. बाळाची दीड महिन्याची लस मात्र कोणी चुकवत नाही. त्याच दिवशी आईलाही 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर तपासावी, आणि आठवण राहावी म्हणून माता-बाल संरक्षण कार्डावर लसीच्या तारखेशेजारीच ते लिहून ठेवावं.

आपल्या,
उपकेंद्रातील आरोग्य सेविका, जि. यवतमाळ