गिरणीची भिंत पडली, गेट मात्र तसंच आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी डिलाईल रोडला राहते. रस्त्याचं पाटीवरचं नाव ना. म. जोशी मार्ग आहे, पण आमच्याकडे रिक्षा नाहीत आणि टॅक्सीवाल्याला डिलाईल रोडच कळतं, त्यामुळे तेच लिहिते. सध्या प्रभादेवीचा जुना पूल पाडून तिथे शिवडी-वरळी कनेक्टरचं काम चालू आहे, अटल सेतूवरून उतरलेल्या गाड्या थेट सी लिंककडे जाणार, साडेचार किलोमीटरचा उन्नत रस्ता. होऊ दे, काही म्हणणं नाही. पण गिरणगावात रस्ता म्हटलं की तो वरूनच का जातो हे मला कधी कळलं नाही. खाली एवढी जमीन मोकळी झाली तिच्यातून एखादा रस्ता काढावा, ज्यावरून माणूस चालेल, सायकल जाईल, बेस्टची बस जाईल आणि मग उरलेल्या जागेतून गाडी, असं कुणाला वाटलंच नाही का?

आमच्याकडची अडचण नकाशा बघितल्याशिवाय कळत नाही. गिरणी म्हणजे चारी बाजूंनी उंच भिंत आणि एक-दोन गेट, आतला माल बाहेर जाऊ नये म्हणून तशीच बांधायचे. त्यामुळे रस्ते सगळे भिंतीला वळसा घालून गेले. तेव्हा ते चालून जायचं कारण कामगार चालतच यायचा, चाळी गिरणीच्या दाराशीच होत्या, भोंगा झाला की पहिली पाळी सातला आत, साडेतीनला दुसरी, रात्री बाराला तिसरी. माझे वडील लालबागहून चालत यायचे, दहा-बारा मिनिटांत खात्यात हजर. मग 18 जानेवारी 1982 ला संप झाला, अडीच लाख लोक बाहेर पडले, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गिरण्या गेल्या, साधारण सहाशे एकर जमीन मोकळी झाली आणि भिंतींच्या जागी काचेचे टॉवर आले पण प्लॉटचा आकार तोच राहिला. आत जायला गेट तेच, वळसा तोच, फक्त आता त्याच वळशावरून लाखो लोक ऑफिसला जातात जे लोअर परळ, करी रोड नाहीतर प्रभादेवीला उतरून येतात.

असं होणार नाही अशी सोय खरं तर होती. 1991 च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला असं होतं. 1996 मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने तर एनटीसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, गिरण्यांच्या जमिनी सुट्या-सुट्या न बघता एकत्र धरून आखणी करा असं सुचवलं. 2001 साली नियम बदलला आणि बांधकाम असलेली जमीन या वाटणीतून बाहेर गेली, फक्त आधीच मोकळी असलेली जागा वाटायची. म्हणजे गिरणीचं अंगण वाटलं, गिरणी नाही. 2006 ला सुप्रीम कोर्टानेही तो बदल मान्य केला. प्रत्येक मालकाने आपापला तुकडा आपापल्या पद्धतीने बांधला आणि दोन तुकड्यांच्या मधून आरपार रस्ता काढायची जबाबदारी कुणाचीच उरली नाही.

किंमत आम्ही मोजली. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन, म्हणजे आताच्या प्रभादेवी, स्टेशनच्या पादचारी पुलावर 23 माणसं चेंगरून गेली, त्यानंतर लष्कर बोलवून नवे पूल बांधावे लागले. डिलाईल रोडचा पूल जुलै 2018 ला बंद झाला तो पूर्ण चालू व्हायला नोव्हेंबर 2023 उजाडला, पाच वर्षं! त्या पाच वर्षांत मी रोज एका जुन्या गिरणीच्या कंपाऊंडमधून शॉर्टकट मारायचे, नाव लिहीत नाही, आत सगळी ऑफिसं आणि हॉटेलं आहेत. सकाळी कुणी काही बोलायचं नाही. संध्याकाळी सातनंतर वॉचमन विचारायचा, मॅडम कुणाकडे जायचंय? मी म्हणायचे कुणाकडे नाही, पलीकडे जायचंय. एकदा त्याने बिचाऱ्याने खालच्या आवाजात सांगितलं, ताई कुठल्या तरी हॉटेलचं नाव घ्या म्हणजे मला सोडता येईल. तेव्हापासून मी रोज एका पिझ्झाच्या दुकानाचं नाव सांगून घरी जात होते, पिझ्झा मात्र आजपर्यंत खाल्ला नाही.

आता हे पत्र लिहायचं कारण. टाटा, पोदार, दिग्विजय आणि इंदू पाच नंबर या एनटीसीच्या चार गिरण्या 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बंद पडल्या. ही जमीन सरकारी आहे, इथे मालक ऐकत नाही ही सबब चालणार नाही. उद्या त्यांचं जे काही करायचं असेल ते करा, कामगारांच्या घरांचा हक्क आधी, पण लेआऊट पास करण्याआधी त्या जमिनीतून आरपार सार्वजनिक रस्ता आखून पालिकेच्या ताब्यात द्या. गेट नाही, बॅरियर नाही, रात्री बारालाही उघडा. फुटपाथ नियमात निदान 1.8 मीटर मोकळा लागतो, स्टेशनच्या वाटेवर तो डबल तरी हवा, आणि त्यावर झाडाची कुंडी, केबलचा डबा, पार्क केलेली बाईक यातलं काही नको. (फेरीवाल्यांना जागा द्या, संध्याकाळी भाजी त्यांच्याकडूनच घेतो आपण.) सायकलला वेगळी पट्टी, बसला वेगळी, आणि बस स्टॉप स्टेशनच्या जिन्यासमोर, अर्धा किलोमीटर लांब नको. मेट्रो तीन आता आचार्य अत्रे चौक आणि सायन्स सेंटरला येते, तिथून लोकलपर्यंत चालत जायचं तर कसं जायचं हे एकदा साहेबांनी गाडीतून उतरून बघावं, छत्री घेऊन, जुलैमध्ये.

लोक म्हणतील एवढी महागडी जमीन रस्त्यात कशी घालवायची. ती महाग झाली कशामुळे? स्टेशनं जवळ आहेत म्हणून. मग स्टेशनपर्यंत पोचायची वाटच नसेल तर महाग कशाची? आमच्या चाळीतल्या सत्तरीच्या मावशींना केईएमला जायचं तर टॅक्सीवाला जवळचं भाडं म्हणून नाही म्हणतो, आणि चालत जायचं तर वळसा. पोदार मिलच्या भिंतीला हात लावत त्या अजून जातात, मधे दोनदा बसून.

आपली,
एक वाचक, डिलाईल रोड, मुंबई