ओट्याशिवायचं घर

श्टुटगार्ट, जर्मनी
रविवार, 17 मे 2026

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. नवीन घरात येऊन नऊ दिवस झाले. फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि आईचा आवाज भरून येतो, म्हणून सगळं नीट लिहून कळवते आहे. दादाच्या मोबाईलवर पानांचे फोटो पाठवते, तो प्रिंट काढून देईल. इथे रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नसतं, त्यामुळे फळ्या तशाच पडल्या आहेत आणि मला लिहायला वेळ मिळाला आहे.

घर चांगलं आहे, काळजी करू नका. मैत्रिणींबरोबरची खोली का सोडली, तिथे भाडं निम्मं होतं, असं बाबा म्हणाले. होतं, मान्य आहे. पण ती चौथ्या मजल्यावर होती, लिफ्ट नव्हती. हे गाव वाटीसारखं, जिकडे तिकडे चढ आणि पायऱ्या. उतारांवर आपल्यासारखेच द्राक्षांचे मळे आहेत, अगदी वस्तीला लागून. घर शोधताना मी आधी बाबांच्या गुडघ्यांचा विचार केला. हे घर बाड कानश्टाटला, नेकार नदीजवळच्या सपाट भागात आहे, आणि सहाच पायऱ्या चढायच्या. समोरच्या आजी एकट्या राहतात. मला यायला उशीर झाला तरी त्यांच्या खिडकीत दिवा असतो. आई, मी एकटी आहे असं मनात आणू नकोस.

आता जे सांगते ते वाचून तुम्हाला वाटेल, पोरीला फसवलं. तसं नाही. इथे भाड्याच्या घरात बऱ्याचदा स्वयंपाकघरच नसतं. म्हणजे खोली असते, पण ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, कपाट नाही. भिंतीतून पाण्याच्या नळ्या, सांडपाण्याचं एक तोंड आणि शेगडीसाठी विजेची जोडणी, बस्स. छताला दिवेसुद्धा नाहीत, नुसत्या वायरी लोंबतात. ओटा भाडेकरूचा. तो विकत घेतो, बसवतो, आणि घर सोडताना काढून नेतो नाहीतर पुढच्याला विकतो. जाहिरातीत 'ईबीके' लिहिलेलं असेल तरच स्वयंपाकघर बसवलेलं आहे असं समजायचं, हे मला दोन घरं बघितल्यावर कळलं. 'दोन खोल्यांचं घर' म्हणजे एक बेडरूम आणि एक हॉल. स्वयंपाकघर आणि बाथरूम त्यात मोजत नाहीत. म्हणजे आपला वन बीएचकेच, पण त्यातला 'के' आपण आणायचा. मी मालकीणबाईंना विचारलं, असं का? त्या म्हणाल्या, दुसऱ्याच्या ओट्यावर कुणाला स्वयंपाक करावासा वाटेल? आई, मला एकदम तू आठवलीस. सिडकोच्या घरात आल्यावर तूही सगळ्यात आधी जुना ओटाच काढून टाकला होतास.

आधीचा भाडेकरू त्याच्या ओट्याचे 2,400 युरो मागत होता. मी नको म्हटलं. गाव सोडून जाणाऱ्या एका जोडप्याकडून वापरलेला 550 ला घेतला. तो बसेपर्यंत इंडक्शन आहे. वरण-भात रोज होतो, ब्रेडवर दिवस काढत नाहीये.

बाबांना हिशेब हवा असेल. भाडं 790 युरो, त्याला 'थंड भाडं' म्हणतात. पाणी, हीटिंग वगैरेचे 190 मिळवले की 'गरम भाडं'. वीज वेगळी. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत भरायची सोय कायद्यातच आहे. पगाराच्या तीन पावत्या आणि शूफा नावाचा दाखला लागला, आपल्या सिबिलसारखा. घर बघायला आम्ही बाराजण होतो. मालकीणबाईंचे वडील बॉशमध्ये होते. बॉशचं पहिलं वर्कशॉप 1886 साली याच गावात निघालं. माझे बाबा नाशिकला मायकोत, म्हणजे बॉशच्याच कंपनीत होते म्हटल्यावर त्या हसल्या आणि माझे कागद वर ठेवले. बाबा, हे घर तुमच्या नोकरीने मिळवून दिलं आहे.

एक गोष्ट फोनवर बोलले नव्हते. करारात शेवटची तारीख नाही. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार होतो, तसं इथे सहसा नसतं. सही करताना माझा हात थांबला होता. पण मी तीन महिन्यांची नोटीस दिली की मोकळी. पोरगी तिकडचीच झाली, असा अर्थ काढू नका.

अनामतीमुळे जून-जुलैत घरी पैसे पाठवता येणार नाहीत. कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला जाईल, तो चुकणार नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाआधी करायचं होतं, ते माझ्यामुळे राहिलं. यंदा ताडपत्रीवर भागवा, आणि ती घालायला बाबांनी वर चढायचं नाही, दादाला सांगा. दिवाळीलाही येणं होणार नाही. गेल्या दिवाळीलाही हेच कळवलं होतं, ते विसरलेले नाही. सिंहस्थाला नक्की येते.

गंगापूर रोडच्या स्थळाचं. मुलगा चांगला आहे, आम्ही दोनदा मोकळेपणाने बोललो. त्याचा दवाखाना नाशकात आहे, तो सोडून ये असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि मी कधी परत येईन याची तारीख मला देता येत नाही. त्यांना ताटकळत ठेवू नका. मामींनी एवढी धडपड केली, त्यांना मीच फोन करते, आईने ऐकून घ्यायचं नाही.

मार्चमध्ये थंडी ओसरली की तुम्ही दोघं या. व्हिसाला लागणारं हमीपत्र इथल्या कचेरीतून मी काढते. 90 दिवस राहता येतं. पूर्ण 90 दिवस राहायचं.

तुमची,
मनू

ता. क. आई, इथल्या ओट्याचे पाय फिरवून उंची कमी-जास्त करता येते. आत्ता आहे तो तुला उंच पडेल, खांदा दुखेल. आपला ओटा जमिनीपासून किती सेंटिमीटर आहे ते टेपने मोजून आजच कळव. उद्या संध्याकाळी वरची फळी बसवायची आहे.