नडगीला विचारलंच नाही

संपादक साहेब, सनविवि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत आलं होतं की सायकलवाल्यांनी पळायच्या भानगडीत पडू नये, पाय खराब होतात. यातलं अर्धं खरंय आणि तेवढं मी भोगून झालंय म्हणून लिहितोय.

मी कोथरूडचा, वय ५१, बरीच वर्षं सायकल चालवतोय, साडेतेरा तासांत संपवायची २०० किमीची बीआरएम (लांब पल्ल्याची सायकल राईड) दोनदा केलीय. गेल्या पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरलं की खोली कळेना, एकदा चांगला आपटलो, मग सायकल टांगली आणि पळायला लागलो. पहिल्याच दिवशी ८ किमी, आणि दम लागलाच नाही हो! तिथेच फसलो. दोन दिवसांनी जिना चढता येत होता पण उतरता येईना, कठडा धरून उलटा उतरलो, बायको हसून हसून बेजार. तरी शहाणपणा करून परत गेलो आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी जी धरली ती दीड महिना सोडली नाही.

कारण नंतर कळलं. सायकलवर मांडीचं काम म्हणजे आकसून पेडल दाबणं, बस. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट दणका बसतो आणि तो मांडीला ताणलं जाता जाता ब्रेकसारखा पेलावा लागतो, उतारावर तर जास्तच, आणि ही सवय पेडल मारून लागतच नाही. म्हणजे इंजिन बुलेटचं आणि चासी लुनाची. नवा माणूस दमून वेळेत थांबतो, सायकलवाला थांबत नाही, आणि लेखात नेमकं हेच नव्हतं.

पळून सायकलचा स्पीड वाढतो असं मी म्हणत नाही, खंबाटकी चढायची तर सायकलच मारावी लागते. ग्रुपवर लोक कॅनडाच्या मायकल वूड्सचं नाव घेतात, तरुणपणी एक मैल ४ मिनिटांच्या आत पळायचा आणि २०२३ ला टूर दे फ्रान्समध्ये पुय दे डोमच्या चढावर जिंकला. अहो पण तो पायाचं हाड परत परत मोडलं म्हणून पळणं सोडून सायकलवर आलेला माणूस आहे!

तरीही "पळूच नका" हे चूक, कारण हाडं. सायकलवर वजन सीटवर असतं, हाडाला दणका नाही, आणि दणका नाही तर हाड मजबूत कशाला होईल? फक्त सायकलच चालवणाऱ्या रेसर लोकांच्या कंबरेच्या मणक्याची हाडं विरळ सापडतात. आमच्या ग्रुपात साठीतले काका लोक आहेत, पहाटे ६० किमी मारतात आणि बाकी दिवस खुर्चीत, त्यांनी तो लेख वाचून चालणंसुद्धा बंद करू नये एवढंच वाटतं. ज्यांचा गुडघा आधीच गेलाय त्यांनी डॉक्टरला विचारावं, तो विषय वेगळा.

मी आता आठवड्यात दोनदा तळजाईच्या मातीवर जातो, एक मिनिट पळ दोन मिनिटं चाल, असं २० मिनिटं, मोठ्या राईडच्या आदल्या दिवशी अजिबात नाही. पोरंटोरं बाजूनी सुसाट जातात, जाऊ देत.

लेखकांना विनंती, पुढच्या वेळी हाडांवर पण लिहा. आणि जागा उरली तर खड्ड्यांवर.

– एक सायकलवाला, कोथरूड, पुणे