काका, त्या साबणाच्या वडीसाठी

आदरणीय काका,

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून लिहून काढतेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. रागावू नका.

तुमचं नाव मला सापडलं ते यंत्राच्या भागाच्या एका जुन्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात. टायटल ब्लॉकमधल्या, म्हणजे शीटच्या माहितीच्या चौकटीतल्या, ‘तपासले’ या रकान्यात तुमची सही होती. त्या शीटवर एकही माप दोनदा दिलेलं नव्हतं. एकही लीडर, म्हणजे टिपेपासून भागाकडे जाणारी बाणाची रेघ, दुसऱ्याला छेदून जात नव्हता. जे भोक मारायचं, त्याचं माप त्याच कडेपासून दिलेलं होतं जिथून कारागीर व्हर्निअर लावणार. असं ड्रॉइंग तपासणाऱ्या माणसाला आपलं दुखणं कळेल, एवढ्याच आशेवर विचारत विचारत मी तुमच्यापर्यंत आले. ओळख ना पाळख, आणि मी तुम्हाला संध्याकाळी फोन लावला.

तेव्हा माझ्यासमोर २४ तुकडे पडले होते, सगळे उलट्या हाताचे. डाव्या अंगाला हवं असलेलं आंधळं (आरपार न जाणारं) भोक उजवीकडे. कॉम्प्युटरमधलं त्रिमितीय मॉडेल बरोबर होतं, ते मी शंभरदा फिरवून पाहिलं होतं. मग चुकलं कुठे, हे मी तुमच्याआधी तिघांना विचारलं होतं. एकाने सांगितलं, ‘बनवणाऱ्याला ड्रॉइंग वाचता येत नाही, त्याच्याकडून पैसे कापून घ्या.’ पैसे मोजून घेतलेल्या मदतसेवेने तीन दिवसांनी उत्तर दिलं की सॉफ्टवेअर व्यवस्थित चालतंय. तिसरे आमच्यातलेच अनुभवी गृहस्थ. ते म्हणाले, ‘इतक्या वर्षांनी हे विचारतेस?’ आणि स्क्रीनकडे न बघता निघून गेले. ते वाक्य अजून टोचतं. माहीत नसणं ही लाज वाटण्याची गोष्ट आहे, असं त्या दिवशी मला खरंच वाटायला लागलं होतं.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो असा: ‘ज्याने जॉब बनवला त्याला बोललीस का काही?’ मी नाही म्हटलं. ‘बरं केलंस. त्याने शीटवर होतं तेच बनवलंय. मला शीट पाठव.’

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचे सहा फोटो आले.

साबणाची एक वडी. सुरीने माझ्या तुकड्याच्या आकाराची कापलेली, डाव्या अंगाला पेन्सिलच्या टोकाने भोक पाडलेलं. पहिल्या फोटोत ती कागदावर ठेवून कडेने रेघ ओढलेली. दुसऱ्यात ती उजवीकडे एक कूस लोळवलेली, आणि आता वर आलेला अंग डावा, भोकासकट. त्याभोवती पुन्हा रेघ. फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल या तुकड्याच्या बाजूंची चित्रं, म्हणजे व्ह्यू, शीटवर मांडायच्या दोन पद्धती. खाली तुमच्या अक्षरात: ‘कागदावर लोळवली की फर्स्ट अँगल. डावीकडून दिसतं ते उजवीकडे येतं.’ मग एक खोलगट भांडं. वडी मधोमध, मग उजव्या भिंतीवर सरकवलेली, आणि वरून बघितलं तर उजवा अंग समोर. ‘भांड्यात सरकवली की थर्ड अँगल. जिकडून बघतो तिकडेच ठेवतो.’ शेवटच्या फोटोत माझ्याच शीटचा टायटल ब्लॉक, आणि त्यातल्या, पद्धत कोणती ते सांगणाऱ्या शंकूच्या चिन्हाभोवती लाल गोल.

मग मला दिसलं. शीटची सेटिंग थर्ड अँगलची होती, म्हणून डावा व्ह्यू सॉफ्टवेअरने डावीकडे ठेवला. पण टेम्प्लेट, म्हणजे शीटचा तयार साचा, मी दुसरीकडून उचललेलं, आणि त्यातलं चिन्ह होतं फर्स्ट अँगलचं. ते चिन्ह म्हणजे नुसतं चित्र, सेटिंगशी त्याचं काही देणंघेणं नाही. त्यात एक शंकू आणि शेजारी दोन वर्तुळं असतात: शंकूचं अरुंद तोंड वर्तुळांकडे असेल तर थर्ड, वर्तुळांपासून दूर असेल तर फर्स्ट. आयएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकांच्या, नियमांत दोन्ही चालतात, म्हणून तर ते चिन्ह लागतं. कारागिराने चिन्ह वाचलं, त्यावर विश्वास ठेवला, आणि डावीकडचा व्ह्यू उजव्या अंगाचा समजून भोक उजवीकडे मारलं. समोरच्या व्ह्यूमध्ये आतलं, न दिसणारं दाखवणाऱ्या तुटक रेषा असत्या तर त्याला शंका आली असती. पण त्या मीच बंद केल्या होत्या, शीट स्वच्छ दिसावी म्हणून.

एवढं तर कुणीही दोन वाक्यांत सांगू शकलं असतं. तिघांपैकी कुणी सांगितलं नाही, ते सोडा. मला आजही आठवतो तो पहिल्या फोटोचा कोपरा. तिथे साबणाचं वेष्टण पडलेलं होतं, नुकतंच फाडलेलं. म्हणजे वडी नवी कोरी होती. एका अनोळखी मुलीला डावं-उजवं समजावं म्हणून तुम्ही नवा साबण फोडलात, सुरी घेऊन बसलात, एका हाताने वडी धरून दुसऱ्या हाताने फोटो काढलेत. दोन फोटो हललेत. ते वेष्टण बघून मी रडले, काका. कुणीतरी आपल्यासाठी इतका वेळ बसलं, हे मला त्या आठवड्यात फार हवं होतं.

मापांबद्दलही तुम्हीच बोललात, मी न विचारता. शीटवरचं एक माप ४२ होतं आणि मॉडेलमध्ये ४४. मॉडेलला नंतर गोलाई दिली तेव्हा ज्या कडेला ते माप बांधलं होतं ती कडच नाहीशी झाली आणि माप लोंबकळत राहिलं. ‘आकडा हाताने टाइप करून टाक’ हा सल्ला मला मिळाला होता, आणि मी तो ऐकला होता. टाइप केलेला आकडा मॉडेल बदललं तरी बदलत नाही, तो तसाच खोटं बोलत राहतो. तुम्ही म्हणालात, ‘लोंबकळणारं माप म्हणजे सॉफ्टवेअर तुला हाक मारतंय. तिचं तोंड बंद करू नकोस, माप नव्या कडेला बांध.’ त्या रात्री मी सगळी शीट तपासली. हाताने टाइप केलेली आणखी पाच मापं निघाली.

नंतर मी या व्ह्यूंच्या मुळाशी गेले. फ्रान्सच्या गास्पार मोंज यांनी तटबंदीच्या आखणीसाठी ही भूमिती बसवली, आणि लष्कराने ती बरीच वर्षं गुपित ठेवली. १७९५ मध्ये त्यांना ती उघडपणे शिकवता आली. हे वाचताना मला तुमचे सहा फोटो आठवले आणि ते गृहस्थही आठवले. आलेलं ज्ञान मुठीत आवळून धरणारी माणसं अजून आहेत. ती मूठ उघडणारा माणूस मला वेळेवर भेटला, याचं मोल मला शब्दांत मांडता येत नाही. कामात तरबेज असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. पण समोरच्याला लहान न करता शिकवणं वेगळंच, त्याला मनाचा मोठेपणा लागतो.

कारागिराची मी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, ‘ताई, पुढच्या वेळी शंका आली तर मीच फोन करीन.’ आता नव्या शीटवर चिन्ह बरोबर आहे, तुटक रेषा चालू आहेत, आणि शंका नको म्हणून तीन बाजू एकदम दाखवणारा एक आयसोमेट्रिक व्ह्यूही कोपऱ्यात ठेवलाय.

नव्या खेपेतला पहिला तुकडा आज हातात आला. तुमचा फोटो शेजारी ठेवून पाहिला. भोक डावीकडे आहे, काका.

तुमची,
त्या संध्याकाळी फोन केलेली मुलगी